कुंपणाच्या आतलं रान: न्यूझीलंडची शिकारीमुक्त अभयारण्यं

रानजाई

नमस्कार मंडळी,

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी सहज लिहून गेलं की "न्यूझीलंडमधे डोंगराला कुंपण घालून आत पक्षी ठेवतात, म्हणजे झूच की मोठं". तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा. विषय माझ्या जवळचा आहे, त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगते.

मी वेलिंग्टनला राहते. घरापासून झीलँडिया, असंच एक कुंपणातलं अभयारण्य, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. कारोरी उपनगराच्या बाजूला शहराला पाणी पुरवणारी जुनी धरणं होती, त्यांची ती दरी. २२५ हेक्टर जागा आणि तिच्याभोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण, १९९९ साली पूर्ण झालेलं. आता झूमधे कुंपण असतं ते आतला प्राणी बाहेर जाऊ नये म्हणून. इथलं कुंपण बाहेरच्याला आत येता येऊ नये म्हणून आहे. वरून सगळं उघडं. काका नावाचा पोपट सकाळी आत, दुपारी माझ्या शेजाऱ्यांच्या झाडावर, संध्याकाळी परत आत. त्याला कोणी अडवत नाही.

ते कुंपण एकदा जवळून बघण्यासारखं आहे. माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकं उंच, सव्वादोन मीटरच्या आसपास. जाळी इतकी बारीक की करंगळीसुद्धा धड जात नाही. वर गुळगुळीत पत्र्याची बाहेरच्या बाजूला वळलेली टोपी, म्हणजे पॉसम (झाडावर चढणारा पिशवीवाला प्राणी) किंवा मांजर जाळी चढून वर आलं तरी त्याला पकडायला काही मिळत नाही आणि ते खाली पडतं. आणि तळाशी जाळी जमिनीत सरळ न पुरता बाहेरच्या बाजूला झालरीसारखी पसरलेली, कारण उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो, दोन पावलं मागे जाऊन उकरायचं त्याला सुचत नाही. हे सगळं आधी खरे प्राणी ठेवून, ते किती उडी मारतात, कसे चढतात हे बघून मग ठरवलेलं आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी? न्यूझीलंडमधे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाखो वर्षं इथल्या पक्ष्यांचा शत्रू म्हणजे दुसरा पक्षी, वरून नजरेने शिकार करणारा. त्याच्यापासून वाचायचं तर एकच युक्ती, हलायचं नाही, झाडोऱ्याच्या रंगात मिसळून गप्प बसायचं. काकापो, इथला न उडणारा पोपट, अजूनही तेच करतो. पण वासावर येणाऱ्या जनावरापुढे गप्प बसणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. त्यात घरटी जमिनीवर नाहीतर झाडाच्या ढोलीत, अंडी दोन-तीनच, आणि काहींचे पंख नुसते नावाला.

मग माणसं आली. पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांबरोबर किओरे नावाचा उंदीर, युरोपियनांच्या जहाजांतून आणखी दोन जातींचे उंदीर आणि मांजरं, १८३७ मधे फरसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेला पॉसम. पुढे ससे बेसुमार झाले म्हणून १८८० च्या दशकात त्यांना खायला स्टोट आणले, मुंगसासारखा लांबुळका चपळ प्राणी. सशांचं काही फारसं बिघडलं नाही. पक्ष्यांचं सगळं बिघडलं.

मी गेली सहा वर्षं एका टेकडीवरच्या सव्वीस सापळ्यांची फेरी करते, दर दुसऱ्या शनिवारी. कुंपणाच्या बाहेर. त्यातूनच मला जे कळलं ते सांगायचंय, की कुंपण बांधून होतं त्या दिवशी काम संपत नाही, त्या दिवशी सुरू होतं. बाकी चर्चेत लिहीन. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

पहिलटकर

वाचतोय. झकास सुरुवात. ते झालरीचं तर डोक्यातच आलं नसतं.

एक शंका, हे सगळं वाघ-बिबट्यांना लागू होत नाही ना? म्हणजे "शिकारीमुक्त" ऐकलं की वाटतं शिकारी प्राणी वाईटच.

रानजाई

@पहिलटकर, बरं झालं विचारलंत. अजिबात लागू होत नाही. वाघ आणि हरीण एकत्रच घडले, हरणाचे कान, पाय, कळपात राहणं हे सगळं वाघामुळे आहे. इथे शिकारी म्हणजे माणसाने आणून सोडलेला, ज्याच्याशी इथल्या जिवांची कधी ओळखच झाली नाही असा. न्यूझीलंडचा स्वतःचा ससाणा आणि मोरपोर्क घुबड झीलँडियात मजेत शिकार करतात, त्यांना कोणी हात लावत नाही.

मनमोर

ताई, लेख चांगलाच आहे, पण मला एक गोष्ट टोचते आणि ती मी बोलणार. स्टोटने काय गुन्हा केला? त्याला बोटीत घालून आणलं माणसानं, भूक लागली म्हणून खाल्लं त्यानं. आणि आता आपण त्याचाच जीव घेतो आणि वर त्याला संवर्धन म्हणतो. पकडून परत पाठवता येत नाही का, नसबंदी करता येत नाही का? मी घरी जखमी मांजरं सांभाळते, मला सापळा हा शब्दच सहन होत नाही.

रानजाई

मनमोर, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः तिथेच होते.

माझा पहिला मेलेला स्टोट मला लख्ख आठवतो. लाकडी पेटी असते, बाजूला जाळीचं भोक, आत स्प्रिंगचा सापळा आणि मागे आमिष म्हणून अंडं. झाकणाचा स्क्रू काढला आणि आत ती होती, मादी. पिवळसर पांढरं पोट, शेपटीचं टोक काळं, मिशीवर दवाचे थेंब. अंडं तसंच पुढे, न फुटलेलं. मी झाकण परत लावलं आणि पाच मिनिटं गवतात बसून राहिले. बरोबर जे आजोबा होते, बारा-तेरा वर्षं हे काम करणारे, ते काही बोलले नाहीत, त्यांनी नुसती वही काढून तारीख लिहिली आणि मी उठायची वाट बघितली. अजूनही पेटी उघडताना माझा हात एक क्षण थांबतो आणि तो थांबावा असंच मला वाटतं.

पण परत पाठवायचं कुठे? युरोपात त्यांची जागा रिकामी ठेवलेली नाही. नसबंदीचं म्हणाल तर एकेक स्टोट जिवंत पकडून ऑपरेशन करून परत सोडला तर तो उरलेलं आयुष्य पक्षीच खाणार. आणि स्टोटचं जे आहे ते ऐकून मी थक्क झाले होते, त्यांची पिल्लं बिळात असताना, डोळेसुद्धा उघडायच्या आधी, नर येऊन त्यातल्या मादी पिल्लांशी समागम करून जातो. गर्भ मग महिनोन् महिने तसाच थांबून राहतो. म्हणजे बाहेर पडणारी जवळजवळ प्रत्येक मादी गाभणच. अशी एक मादी पोहत बेटावर गेली की पुढच्या वसंतात तिथे अख्खं कुटुंब. पोहतातही चांगले, किलोमीटरभर तरी सहज.

दुसऱ्या बाजूला काय आहे तेही बघा. जिथे काहीच राखण नाही तिथे किवीच्या शंभर पिल्लांतली पाचएक मोठी होतात. बाकीची बहुतेक स्टोटच्या पोटात. पिल्लू साधारण किलोभर वजनाचं झालं की मग ते लाथा मारून स्टोटला पळवू शकतं, तोवर नाही. ज्या पक्षिणीचं अंडं तिच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं असतं तिनं एवढं सोसून दिलेलं पिल्लू. आपण सापळा लावला नाही म्हणून कोणी मरायचं थांबत नाही हो, फक्त ते मरण आपल्या वहीत येत नाही.

सापळे कुठलेही नाही चालत, एवढं सांगते. किती सेकंदात शुद्ध जाते हे तपासून पास झालेलेच वापरायचे.

कातळवाट

रानजाई, उत्तम धागा. थोडा इतिहास घालतो, कारण ही कुंपणं एकदम सुचलेली नाहीत, यामागे दोन मोठी अपयशं आहेत.

पहिलं रिचर्ड हेन्री. १८९४ साली फिओर्डलंडमधल्या रेझोल्यूशन बेटावर सरकारने त्याला राखणदार नेमलं. त्याने आधीच ओळखलं होतं की स्टोट आले की काकापो आणि किवी संपणार, तेव्हा पाण्यापलीकडच्या बेटावर नेऊन ठेवायचे. त्या भयंकर पावसाच्या, चावऱ्या माशांच्या, एकाकी जागेत तो स्वतःच्या होडीने मुख्य भूमीवर जायचा, तोंडाला जाळी बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने पक्षी शोधायचा आणि बेटावर आणून सोडायचा. असे शेकडो पक्षी त्याने हलवले. आणि १९०० साली बेटावर स्टोट दिसला. पोहून आलेला. इतक्या वर्षांची मेहनत एका सकाळी संपली. माणूस काळाच्या कितीतरी पुढे होता, फक्त त्याच्याकडे सापळे आणि विष या गोष्टी आजच्यासारख्या नव्हत्या.

दुसरं १९६४ चं, बिग साउथ केप बेट, स्ट्यूअर्ट बेटाच्या नैऋत्येला. माओरी लोक तिथे पिढ्यान् पिढ्या मटनबर्ड नावाच्या समुद्रपक्ष्याची पिल्लं गोळा करायला जातात. कुठल्यातरी बोटीतून जहाजी उंदीर उतरले आणि बघता बघता बेट उंदरांनी भरलं. त्यावेळी जाणकारांतच असा समज होता की उंदीर काही जाती संपवत नाहीत, थोडं इकडे तिकडे होऊन तोल साधतो. डॉन मर्टन आणि वाइल्डलाइफ सर्व्हिसचे त्याचे सहकारी कसेबसे परवानगी काढून तिथे पोचले. साउथ आयलंड सॅडलबॅकचे ३६ पक्षी उचलून जवळच्या दोन बेटांवर नेले, ते वाचले आणि आजचे सगळे त्यांचेच वंशज. बुश रेन ही छोटी पाखरं वाचली नाहीत. तिथला स्नाइप पक्षी वाचला नाही. मोठं शेपूटवालं वटवाघूळ वाचलं नाही. तीन जाती, एका बेटावर, दोनचार वर्षांत. त्यानंतर कोणी "तोल साधतो" म्हणालं नाही.

कातळवाट

वर चूक झाली, ते *आखूडशेपटी* वटवाघूळ, त्यातली मोठी जात. क्षमस्व.

पहिलटकर

ते दीपगृहाच्या मांजरीची गोष्ट खरी का? एका मांजरीने एक अख्खी जात खाऊन संपवली म्हणतात.

कातळवाट

स्टीफन्स बेट. गोष्ट सांगायला सोपी म्हणून टिकलीय. तिथे न उडणारी छोटी रेन होती, १८९० च्या दशकात दीपगृह झालं, मांजरं आली, आणि काही वर्षांत ती रेन गेली. पण एकच मांजर नाही, तिथे रानटी झालेल्या मांजरांची संख्या बरीच वाढली होती. एकटीच्या माथी मारणं त्या मांजरीवरही अन्याय आहे. पक्षी मात्र माणसांना नवा म्हणून कळला तोवर जवळजवळ संपलाच होता.

त्याच बेटावर तुआतारा टिकले, आणि २००५ साली न्गाती कोआता या माओरी जमातीच्या संमतीने तिथलेच तुआतारा झीलँडियात आणले. तुआतारा म्हणजे सरड्यासारखा दिसणारा पण सरडा नसलेला, त्याच्या कुळातला जगात एकटाच उरलेला प्राणी. २००९ मधे झीलँडियात त्याचं पिल्लू सापडलं. मुख्य भूमीवर मोकळ्या रानात असं पिल्लू जवळपास दोनशे वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

लालमाती

मी ऑस्ट्रेलियातून लिहितोय, इथेही हेच चालू आहे पण वाळवंटात, आणि शत्रू म्हणजे मांजर आणि कोल्हा. आमच्याकडचा अनुभव जरा वेगळा आहे म्हणून मांडतो, रानजाई रागावू नका, पण कुंपणाचे स्वतःचे प्रॉब्लेम असतात आणि त्यावर बोललं पाहिजे.

साउथ ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळ अ‍ॅरिड रिकव्हरी आहे, १९९७ पासून, १२३ चौरस किलोमीटर. बिल्बी, बेटाँग असे छोटे पिशवीवाले प्राणी आत सोडले. बेटाँग इतके वाढले की त्यांनी झाडोरा कुरतडून टाकला, आतलं रान बाहेरच्यापेक्षा वाईट दिसायला लागलं. शिकारी काढला म्हणजे संख्या आटोक्यात ठेवणाराही काढला ना. शेवटी कुंपणात एका दिशेनेच उघडणारी छोटी दारं बसवली, आतल्याला बाहेर जाता येतं, परत येता येत नाही. पण बाहेर गेलेला मांजराच्या तोंडी.

आणि दुसरं म्हणजे भोळेपणा. पिढ्या आतच गेल्या की प्राण्याला मांजर म्हणजे काय हेच कळत नाही. तिथल्या कॅथरीन मोसबी आणि त्यांच्या टीमने म्हणून उलटा प्रयोग केला, काही बिल्बींना मुद्दाम थोड्याशा मांजरांबरोबर राहू दिलं. त्यातल्या वाचलेल्या बिल्बी जास्त सावध झाल्या, आणि नंतर मांजरं असलेल्या भागात सोडल्यावर त्या भोळ्या बिल्बींपेक्षा जास्त टिकल्या. म्हणजे शंभर टक्के सुरक्षित ठेवणं हे दरवेळी भल्याचंच असतं असं नाही.

मी स्वतः एका ठिकाणी रात्री टॉर्च घेऊन मोजणीला गेलो होतो. बिल्बी माझ्यापासून चार हातांवर उकरत बसली होती. लांब कान, वाळू मागे उडतेय, मी खोकलो तरी ढिम्म. सगळे खूश, फोटो काढतायत, आणि मला पोटात कालवलं, कारण मी मांजर असतो तर?

रानजाई

@लालमाती रागावते कशाला, हे लिहायलाच हवं होतं. माझ्याकडून ही बाजू राहिली असती. बेटाँगचं माहीत नव्हतं मला.

पण एक फरक मांडू का, बिल्बी शिकू शकते कारण तिच्या जगात काही ना काही सस्तन शिकारी आधीपासून होतेच. काकापोला स्टोट शिकवायला गेलात तर वर्ग पहिल्याच दिवशी संपेल. तुमच्याकडे कुंपण ही शाळा होऊ शकते, आमच्याकडे काही जातींसाठी तरी ते घरच राहणार.

हिशेबी

भावना सगळ्या मान्य, पण खर्चाचं कोणीच बोलत नाहीये. एवढी किलोमीटर जाळी, तिची दुरुस्ती, पगार. तेवढ्या पैशात कितीतरी मोठ्या जंगलात सापळे लावता येणार नाहीत का? २२५ हेक्टर म्हणजे काय हो, चिमूटभर जागा.

कातळवाट

हिशेबी, प्रश्न रास्त आहे. नावाला शोभेल असा हिशेबच करू.

झीलँडिया, ८.६ किमी कुंपण, २२५ हेक्टर. म्हणजे एका किलोमीटरमागे साधारण २६ हेक्टर. वाइकाटोतला माउंगाटौतारी डोंगर, ४७ किमी कुंपण, सुमारे ३,४०० हेक्टर. किलोमीटरमागे ७२ हेक्टर. म्हणजे जागा मोठी तर जाळी स्वस्त पडते. त्याहून स्वस्त म्हणजे भूशिर, समुद्रात घुसलेल्या जमिनीची मानच तेवढी कुंपणाने कापायची. ऑकलंडच्या उत्तरेला टाफारानुईला तसंच केलंय, दोन-अडीच किलोमीटरच्या कुंपणात जवळजवळ सहाशे हेक्टर. पण तिथे कुंपणाची दोन्ही टोकं समुद्रात जातात आणि ओहोटीला जनावरं वळसा घालून येतात, म्हणून टोकांशी सापळ्यांची गर्दी ठेवायला लागते. फुकट काहीच नसतं.

सगळ्यात स्वस्त कुंपण म्हणजे समुद्र. म्हणून सुरुवात बेटांपासून झाली. उपअंटार्क्टिक कॅम्पबेल बेटावर २००१ मधे हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून उंदीर काढले, ११,३०० हेक्टर. तिथलं न उडणारं टील बदक मुख्य बेटावरून कधीच गेलेलं, १९७५ मधे शेजारच्या एका खडकाळ बेटावर थोडीशी सापडली होती. ती पाळून वाढवून परत घरी नेली.

आणि सापळे विरुद्ध कुंपण असं भांडण नाहीच. टुई, बेलबर्ड या पक्ष्यांना उंदीर-स्टोट कमी झाले तरी पुरतं. हिही, सॅडलबॅक यांना कमी होऊन पुरत नाही, शून्यच लागतं. शून्य हवं तिथे कुंपण नाहीतर बेट.

हिशेबी

समजलं. किलोमीटरमागे हेक्टर हा विचार केला नव्हता. भूशिराचं आवडलं. खर्च कमी नाही हे मात्र मी म्हणतच राहणार.

मनमोर

मी वरचं सगळं दोनदा वाचलं. रिचर्ड हेन्रीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सापळ्याचं एकवेळ समजू शकते. पण हेलिकॉप्टरने विष? ते खाऊन दुसरं कोणी मरत नाही का?

कातळवाट

मरतं. लपवण्यात अर्थ नाही. ब्रोडिफॅकम हे रक्त न गोठू देणारं विष शरीरात बराच काळ राहतं, मेलेला उंदीर खाणाऱ्यालाही लागतं. म्हणून ते शक्यतो एकदाच, पूर्ण उच्चाटनासाठी, आणि धोक्यातले पक्षी आधी पकडून बाजूला ठेवून. १०८० हे दुसरं, ते मोठ्या जंगलात वापरतात. ते पाण्यात-मातीत विघटित होतं, पण कुत्र्यांना अतिशय घातक, आणि किआ पोपट त्याने मेल्याच्या नोंदी आहेत. न्यूझीलंडमधे त्यावरून घराघरात मतभेद आहेत, शिकारी लोक, काही माओरी गट, प्राणिप्रेमी विरोधात, आणि त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. मी बाजूने आहे, पण जड मनाने.

अर्धवट करण्यात मात्र सगळ्यात मोठा धोका. ऑकलंडजवळच्या हाउतुरु बेटावर १९८० पर्यंत मांजरं काढली. सगळ्यांना वाटलं आता कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याचं भलं होणार. झालं उलटं, मांजरं उंदरांना खात होती, ती गेल्यावर उंदरांनी पेट्रेलच्या पिल्लांवर हात मारला आणि वाचणारी पिल्लं कमी झाली. २००४ मधे उंदीर काढले तेव्हा कुठे ती भराभर वाढली. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर मांजरं काढल्यावर ससे माजले, उतार चरून बोडके केले, डोंगराच्या कडा घसरल्या. मग ससे, मोठे उंदीर, छोटे उंदीर सगळ्यांची एकत्र मोहीम करावी लागली, २०१४ ला बेट मोकळं जाहीर झालं. काय काढायचं याइतकंच कुठल्या क्रमाने काढायचं हे महत्त्वाचं.

पहिलटकर

काकापोचं आता काय? किती उरलेत?

रानजाई

१९९५ ला ५१ होते. जगात. २०२२ मधे ते २५२ पर्यंत गेले. रिमू झाडाला भरपूर फळं येतात त्या वर्षीच ते अंडी घालतात, ते दोन-चार वर्षांतून एकदा, त्यामुळे सगळं त्या झाडावर अवलंबून. प्रत्येक पक्ष्याला नाव, प्रत्येकाला ट्रान्समीटर. २०२३ मधे काही नर माउंगाटौतारीच्या कुंपणात सोडले, कित्येक दशकांनंतर मुख्य भूमीवर काकापो. आणि त्यातले काही बाहेर पडले! उडता येत नाही पण चढण्यात पटाईत, कुंपणालगतच्या झाडावर चढून तिथून झेपावत बाहेर. कुंपण स्टोटसाठी बांधलेलं, पोपट आतून चढेल हे नव्हतं ना धरलं. शोधून आणले परत, झाडं छाटली.

ब्लॅक रॉबिनचं तर याहून टोकाचं. चॅटम बेटांवर १९८० ला फक्त पाच पक्षी उरले, अंडी घालणारी मादी एकच, ओल्ड ब्लू. वर उल्लेख झालाय त्याच डॉन मर्टनने तिची अंडी टॉमटिट पक्ष्यांच्या घरट्यात उबवायला ठेवली म्हणजे ती परत अंडी घालेल. आज अडीचशेच्या आसपास आहेत, सगळे तिचेच.

आता कुंपण बांधल्यावरचं काम म्हणाले होते त्याबद्दल. दोन हिवाळ्यांपूर्वी एका अभयारण्यात (नाव नको) मी रात्रीच्या यादीत होते. वादळात पाईनचं झाड कुंपणावर आडवं झालं, अलार्म वाजला, रात्रीचे दोन वाजलेले. आम्ही चौघं पोचलो तेव्हा पाऊस आडवा मारत होता. झाडाचं खोड म्हणजे स्टोटसाठी थेट पूलच की. दोघं करवत चालवत होते आणि मी आणि एक कॉलेजचा मुलगा खोडाच्या दोन्ही बाजूंना टॉर्च धरून नुसते उभे, कोणी चढत येतंय का बघत. तीन तास. काही आलं नाही. निदान दिसलं नाही. त्यानंतर पुढे सहा आठवडे त्या भागात रोज शाईचे बोगदे (आतून गेलेल्या प्राण्याचे ठसे कार्डावर उमटतात ते) तपासायचे, कुत्रा फिरवायचा, कारण "दिसलं नाही" याचा अर्थ "आलं नाही" होत नाही. ते झाड वेळेत तोडायला हवं असं आधीच्या उन्हाळ्यात कोणीतरी वहीत लिहिलेलं होतं, आणि ते राहून गेलं होतं. मला तेव्हा फार राग आला होता, अजूनही आहे.

आणि एक उंदीरसुद्धा किती छळतो बघा, ऑकलंड विद्यापीठाच्या लोकांनी २००४ मधे मुद्दाम एकच उंदीर, गळ्यात रेडिओ कॉलर घालून, मोकळ्या बेटावर सोडला. पकडायला अठरा आठवडे लागले. मधे पठ्ठ्या ४०० मीटर पोहून दुसऱ्या बेटावर गेला होता. म्हणून टिरिटिरी माटांगी बेटाच्या फेरीबोटीत बसताना आपली बॅग उघडून बघायला सांगतात, बूट घासायला लावतात, तेव्हा कंटाळू नका.

लालमाती

तीन तास टॉर्च धरून. ताई, दंडवत.

कुंपणाच्या बाहेर पक्षी पसरतात त्याचं लोकांना काय वाटतं?

रानजाई

बहुतेकांना आनंद. काका २००२ मधे झीलँडियात सोडले तेव्हा शहरात एकही नव्हता, आता सकाळी सहाला आमच्या गल्लीत त्यांचाच गोंगाट. पण ते झाडांची साल सोलतात, छपराची शिशाची पट्टी चावतात आणि शिसं पोटात जाऊन स्वतःच आजारी पडतात. शेजारच्या बाई त्यांच्यावर चिडल्या होत्या, मग एकदा त्यांच्या बाल्कनीत पिल्लू येऊन बसलं आणि त्यांनी स्वतःच छपराची पट्टी बदलून घेतली.

पश्चिमेच्या टेकड्यांवर तर २०२२ पासून किवी सोडले आहेत. कुंपण नाही, २४,००० हेक्टरवर साडेचार हजारांहून जास्त सापळे, बरेचसे शेतकऱ्यांच्या जमिनीत. शंभरावर वर्षांनी तिथे किवी ओरडतोय. सरकारने २०१६ मधे २०५० पर्यंत देश उंदीर, स्टोट, पॉसम यांपासून मोकळा करायचं ठरवलंय. होईल का माहीत नाही, माझ्या सव्वीस पेट्या मात्र मी भरतेय.

शेवंती

नमस्कार, मी बरेच दिवस नुसती वाचणारी, पहिल्यांदाच लिहितेय. मीही वेलिंग्टनलाच, दोनच वर्षं झाली. तुमचा धागा वाचून शाईचा बोगदा आणला, मधे पीनट बटर लावून मागच्या कुंपणाशी दोन रात्री ठेवला. कार्डावर बरंच काही उमटलंय पण कळत नाहीये. एका टोकाला छोटे छोटे पंजे, बोटं फाकलेली, पुढच्या पायाला चार आणि मागच्याला पाच दिसतायत. दुसऱ्या टोकाला अगदी बारीक ठिपके आणि ओढल्यासारख्या रेघा. आमच्याकडे रोज संध्याकाळी फँटेल पक्षी येतात दोन, लेक त्यांच्यामागे पळते. काळजी वाटायला लागली.

रानजाई

शेवंती, कार्ड छान वाचलंस की! पंजे उंदराचे, चार-पाच म्हणजे नक्की. आणि ते ठिपके-रेघा वेटाचे असणार, मोठा नाकतोड्यासारखा इथला किडा, तुझ्या बागेत तो आहे ही फार चांगली गोष्ट. उंदीर त्यालाही खातो.

पेटी कुंपणालगतच ठेव, उंदीर भिंतीच्या कडेनेच चालतो. भोक लेकीचा हात जाणार नाही एवढंच हवं. पहिले चार दिवस सापळा चढवू नकोस, नुसतं आमिष ठेव, त्याला सवय होऊ दे. चढवायला मी येते, एकटीने करू नकोस, स्प्रिंग बोट मोडेल इतकी जोरात बसते.

शनिवारी माझी फेरी अकरापर्यंत संपते. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळव. जाड हातमोजे आणि एक जुनी वही काढून ठेव.

मनमोर

शेवंती, कार्डाचा फोटो इथे टाकाल का? वेटाच्या खुणा बघायच्या आहेत.